राजा भोज, गंगू तेली आणि आठव्या क्रमांकाची त्वचा

‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण मराठीत आणि हिंदीत सारख्याच सढळ हाताने वापरली जाते, आणि ती वापरणारा प्रत्येक जण स्वतःला मनातल्या मनात म्हणीच्या पूर्वार्धात धरून चालतो. म्हणीतला राजा भोज म्हणजे सुमारे १०१० ते १०५५ या काळात धारानगरीत, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या धार शहरात, राज्य करणारा परमार राजा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. गंगू तेली कोण, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. ज्या मोजक्या अभ्यासकांनी ती केली त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे असे की, त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि ज्या घराण्यात तैलप हे नाव गाजले ते कल्याणीचे चालुक्य, अशा भोजाच्या तोलामोलाच्या शत्रूंची नावे लोकांच्या तोंडी झिजत झिजत एकमेकांना चिकटली आणि दोन राजघराण्यांचा मिळून एक तेली झाला. लढाईत हरून राज्य गमावल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ सापडतात, परंतु हरल्याबद्दल वंशपरंपरागत घाणा मिळाल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

धारच्या लोककथेला ही विद्वत्ता मान्य नाही. तिच्या मते गंगू हा पुरुषच नव्हे. ती गांगली नावाची धिप्पाड तेलीण होती, राक्षसीण म्हणावी एवढी, आणि तिच्या तराजूची दांडी आजही धारमध्ये पडलेली आहे. १४०५ साली दिलावरखानाने बांधलेल्या मशिदीजवळ एका प्राचीन लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत, ते एकापुढे एक मांडले तर लांबी १३ मीटरांहून थोडी अधिक भरते, आणि या स्तंभावरूनच त्या मशिदीला लाट मशीद हे नाव पडले. लोककथा म्हणते की हीच ती दांडी आणि तिथले मोठाले दगड ही तेलिणीची वजने. लोखंडशास्त्राचे जाणकार या कथेकडे दुर्लक्ष करतात, ते योग्यच आहे. तथापि १३ मीटरांची दांडी हातात धरून उभ्या असलेल्या बाईकडून तेल घेताना मापात मारल्याची तक्रार करणारे गिऱ्हाईक धारमध्ये झाले नाही, या एका मुद्द्यावर इतिहास आणि लोककथा यांचे एकमत व्हायला हरकत नाही. मराठी भाषेने या प्रकरणात आपलीही भर घातली आहे. स्तंभ या अर्थाचा ‘लाट’ हा शब्द आणि घाण्याच्या उखळात फिरून तीळ चिरडणाऱ्या जाड लाकडाला मराठीत म्हणतात ती ‘लाट’, यांचा उच्चार एकच असल्यामुळे, मराठी माणसाने धारला जाऊन ‘लाट कुठे आहे’ असे विचारले, तर त्याला स्मारक पाहायचे आहे की तेल घ्यायचे आहे हे सांगणाऱ्याने ताडून घ्यावे लागते.

म्हणीचा खरा घोळ पुढेच आहे. भोजाच्या नावावर परंपरेने ८४ ग्रंथ घातले जातात, आणि त्यांपैकी वास्तुशास्त्रावरचा ‘समराङ्गणसूत्रधार’ किंवा साहित्यशास्त्रावरचा ‘शृङ्गारप्रकाश’ यांचा उल्लेख जितक्या आदराने होतो तितक्या आदराने ‘चारुचर्या’ या लहानशा ग्रंथाचा होत नाही, कारण तो दिनचर्येवर आहे: सकाळी उठून दात कसे घासावेत, अंगाला तेल कसे लावावे, स्नान कसे करावे, वस्त्र कोणते नेसावे. ज्या राजाच्या तुलनेत तेली क्षुद्र ठरवला गेला त्याच राजाच्या नावावरच्या ग्रंथात तेलाशिवाय सकाळच उजाडत नाही. राजा भोज कुठे आणि गंगू तेली कुठे, या प्रश्नाचे भूगोलाला धरून उत्तर द्यायचे झाले तर ते एवढेच देता येते की, राजा पाटावर बसलेला आहे आणि तेल्याचा माल त्याच्या टाळूवर आहे.

हा माल म्हणजे मुख्यतः तिळाचे तेल. ‘तैल’ हा संस्कृत शब्दच ‘तिल’ या शब्दापासून झालेला असल्याने, काटेकोर बोलायचे तर ‘तिळाचे तेल’ ही पुनरुक्ती आहे आणि ‘खोबरेल तेल’ हा वदतोव्याघात. परंतु काटेकोर बोलणाऱ्या माणसाला वाणी लवकर माल देत नाही, म्हणून व्यवहारात दोन्ही चालतात. वनस्पतिशास्त्र या झाडाला सेसमम इंडिकम म्हणते आणि त्याचे मूळ भारतीय उपखंडातले मानते. बियांच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल तिळात असते. महाराष्ट्रात त्याला गोडे तेल म्हणत आणि माळव्यात मीठा तेल म्हणतात, पण दोन्हीकडे ते चाखल्यावर गोड लागत नाही; मोहरीच्या तेलाला उत्तरेत ‘कडवा’ म्हटले गेल्यामुळे दुसऱ्याला निव्वळ शेजारधर्म म्हणून ‘मीठा’ ही पदवी मिळाली, आणि पदव्यांचे वाटप इतरत्रही बरेचसे याच तत्त्वावर होत असल्याने त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

अंगाला तेल चोळण्याच्या क्रियेला आयुर्वेदात अभ्यंग म्हणतात, आणि अभ्यंगाने नेमके काय साधते हे सांगताना जुन्या आचार्यांनी आजच्या जाहिरातदारांची घोर निराशा केली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तेल चोळलेल्या शरीराला तीन उपमा दिल्या आहेत: तेल मुरवलेला मातीचा घडा, तेल रगडलेले चामडे आणि वंगण दिलेला गाडीचा आख. आख म्हणजे ज्यावर चाक फिरते तो दांडा. गुलाबाची पाकळी नाही, लोणी नाही, चंद्रबिंब तर नाहीच. रस्त्यावर खडखडणारी बैलगाडी सुखरूप मुक्कामी पोहोचावी एवढ्या माफक अपेक्षेने चरकाने माणसाच्या कातडीकडे पाहिले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंगाच्या फायद्यांची यादी आहे आणि तिचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: म्हातारपण लांबते, थकवा जातो, वात शमतो, दृष्टी निवळते, अंग भरते, आयुष्य वाढते, झोप चांगली लागते, आणि मग, आठव्या क्रमांकावर, त्वचा चांगली होते, नवव्या क्रमांकावर शरीराला घट्टपणा येतो. आजच्या बाटलीवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत केवळ त्वचाच असते, आणि चौथ्या ओळीत त्याच त्वचेचा चेहऱ्यावरचा भाग असतो. वाग्भटाने त्वचेला आठवा क्रमांक दिला याचा अर्थ त्याला ती बिनमहत्त्वाची वाटली असा नव्हे. ज्याला झोप लागली आहे, ज्याचे अंग ठणकत नाही आणि ज्याच्या अंगावर मूठभर मांस आहे त्याची त्वचा आपसूक बरी दिसते, हे त्याने पाहिलेले असावे.

आधुनिक त्वचाविज्ञानाची भाषा वेगळी असली तरी गाडी फार दूर जात नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या पडद्याला शृंगस्तर म्हणतात. त्यात निर्जीव, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि विटांच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले अशा स्निग्ध द्रव्यांच्या चुन्याने लिंपलेल्या असतात. हा चुना ढासळला की आतले पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू निसटते, कातडी खरखरीत होते, तिला खाज सुटते आणि नखाने ओढले तर पाटीवर खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उठते. मराठी घरांत मुलगा नदीवर पोहून आला की नाही हे ठरवण्यासाठी हीच चाचणी पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानली गेली आहे. तेल लावले असता दोन गोष्टी होतात: वरून एक पातळ पापुद्रा बसून पाण्याची गळती कमी होते, आणि फटींत स्निग्धता शिरून विटांच्या कडा मऊ पडतात. तिळाच्या तेलात लिनोलेइक आणि ओलेइक ही दोन मेदाम्ले प्रत्येकी साधारण ४० टक्क्यांच्या आसपास असतात. त्यांपैकी लिनोलेइक आम्ल त्वचेच्या चुन्याला हवेच असते, तर ओलेइक आम्ल फार झाले तर चुना उलट सैल करते. शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओलेइक आम्लाने भरलेल्या ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा हा पडदा कमकुवत झाल्याचे आणि सूर्यफुलाच्या तेलाने तो शाबूत राहिल्याचे आढळले, तेव्हा इटलीहून आलेली महागडी बाटली कोशिंबिरीवर ओतण्यातच शहाणपण आहे. तिळाच्या तेलात याशिवाय सेसामिन आणि सेसामोलिन ही द्रव्ये आणि ई जीवनसत्त्वाचा एक प्रकार असतो. यांच्यामुळे ते लवकर खवट होत नाही, आणि फडताळात मागच्या दिवाळीपासून पडलेली बुधली या दिवाळीला निर्धास्तपणे बाहेर काढण्याची जी मराठी पद्धत आहे तिला त्यातून अर्धामुर्धा शास्त्राधार मिळतो.

या पडद्याची कसोटी पाहायला माळव्यासारखा प्रांत नाही. माळव्याच्या रात्रीचे कौतुक उर्दूत ‘शब-ए-मालवा’ या नावाने झाले आहे, कारण दिवसभर तापलेले पठार रात्री झपाट्याने निवते. कौतुक करणाऱ्यांनी त्या कोरड्या गारव्यात फुटलेल्या टाचा आणि ओठ यांचा उल्लेख सौजन्याने टाळला. माळव्यातल्याच देवासला तर या कोरडेपणाचे संगीतावर उपकारच आहेत. क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये देवासला आले, काही वर्षे अंथरुणावर काढून पुन्हा गाऊ लागले आणि १९९२ साली निधन होईपर्यंत माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशीच राहिले. फुप्फुसाला जी हवा मानवते तीच कातडीला मानवत नाही, ही निसर्गाची दुहेरी नीती असून, देवासमधल्या मराठी घरांत सुरांची साधना आणि खोबरेलाची बरणी या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत आढळण्याचे कारण त्यात आहे.

देवासचा त्वचाशास्त्राशी याहूनही जवळचा संबंध आहे. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी हे संस्थान मिळवले आणि पुढे त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. पाती म्हणजे वाटणी. दोन राजे, दोन दरबार, दोघांना प्रत्येकी १५ तोफांची सलामी, आणि राजधानी मात्र एकच. गावातल्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचा अंमल आणि दुसऱ्या बाजूला धाकटीचा, आणि दोन्ही बाजूंची पाणीपुरवठ्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्था वेगळी, असा हा कारभार १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत चालला. ज्या प्रकारच्या त्वचेला हल्ली ‘कॉम्बिनेशन स्किन’ म्हणतात, म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट, पण गाल कोरडे, तिचे स्वरूप समजावून द्यायला देवासइतका चपखल दाखला मिळणार नाही. एकाच चेहऱ्यावर दोन संस्थाने नांदत असतात, दोघांची पाणीपुरवठ्याची व्यवस्था वेगळी असते, आणि गालाकडच्या रयतेसाठी जो कायदा हितकर ठरतो तोच नाकाकडच्या रयतेवर लावला की बंडाळी माजून पुरळ उठतात. अशा चेहऱ्यावर सरसकट तेल थापणे राजनीतीच्या विरुद्ध आहे. धाकट्या पातीला तेल द्यावे, थोरलीला नुसते पाणी, आणि सीमारेषा कुठून जाते हे ज्याने त्याने आरशासमोर ठरवावे.

तेलाची मात्रा सर्वांत आधी ज्याच्यावर चालते ते तान्हे बाळ. मराठी बाळंतिणीच्या खोलीत तेल लावणाऱ्या बाईचा अधिकार डॉक्टरपेक्षा वरचा असतो. ती पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घालते, आणि हातापायांच्या तिढ्या घालून अशी काही उलथापालथ करते की पहिल्यांदाच बाप झालेला माणूस खोलीबाहेर निघून जातो. मग टाळू भरली जाते, म्हणजे डोक्याच्या मऊ भागावर तेलाचे थेंब सोडून ते हलक्या बोटांनी जिरवले जातात. धारला या बाबतीत ऐतिहासिक मान आहे, कारण शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांचा जन्म जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात झाला; त्यांच्या आई आनंदीबाई तेव्हा तिथे आश्रयाला होत्या. त्या बाळाच्या टाळूवर धारच्या घाण्याचे तेल पडले असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही. तेलाने अंग बळकट होते, झोप लागते आणि कांती सुधारते, हे तिन्ही फायदे त्यांना झाले असतीलच; राज्य राखण्याच्या कामी मात्र तेलाचा उपयोग होत नाही, हे १८१८ साली सिद्ध झाले.

बाळाच्या मालिशाकडे विज्ञानाचेही लक्ष गेले आहे. भारतीय संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १२५ तान्ह्या बाळांचे गट पाडून चार आठवडे निरनिराळ्या तेलांनी मालिश करून पाहिले, तेव्हा मालिशाने वाढ आणि झोप सुधारल्याचे आणि त्यांतल्या त्यात तिळाच्या तेलाचा गट सरस ठरल्याचे दिसले. मालिशवाल्या बाईला हा निकाल कोणी कळवला नसला तरी तिने तो ऐकून ‘मग?’ एवढेच म्हटले असते. तिच्या शास्त्रातली काही कलमे मात्र रद्द करावी लागतात. बाळाच्या नाकात आणि कानात तेलाचे थेंब सोडू नयेत, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, याबद्दल बालरोगतज्ज्ञ वारंवार बजावतात. आणि पिठाच्या गोळ्याने अंग घासून बाळाचा रंग उजळतो ही समजूत तर रंगाच्या अनुवंशाला माहीतच नाही. लव काही महिन्यांत आपोआप गळते, रंग आईबापांच्या घराण्यांकडून ठरून आलेला असतो, आणि दोन्हींचे श्रेय पिठाच्या गोळ्याला मिळते.

मोठ्या माणसांच्या वाट्याला हे सुख वर्षातून एकदा, आश्विन वद्य चतुर्दशीला येते, आणि इथे धार-देवासच्या मराठी कुटुंबांची स्थिती हेवा करण्यासारखी आहे. महाराष्ट्रातून माळव्यात आलेल्या या कुटुंबांच्या पंचांगात तो दिवस नरक चतुर्दशी: सूर्योदयापूर्वी तेल लावून न्हावे, न न्हाल्यास नरकात जावे लागते, असा सरळ हिशेब. त्यांच्याच भिंतीपलीकडच्या माळवी शेजाऱ्यांच्या घरी तीच तिथी ‘रूप चौदस’ म्हणून येते: पहाटे बेसन-हळदीचे उटणे लावून न्हावे म्हणजे रूप खुलते. तिथी एक, तेल एक, न्हाणीघरातली ओली भिंतसुद्धा दोघांत एकच. पण एका बाजूला धाक आहे आणि दुसऱ्या बाजूला आमिष. मराठी माणसाला तेल लावायचे तर त्याला नरक दाखवावा लागतो, आणि उत्तरेकडच्या माणसाला आरसा पुरतो, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. शास्त्रग्रंथांनी मात्र त्या दिवशी तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा वास करते असे सांगून दोन्ही बाजूंना तिसरे, म्हणजे रोकड स्वरूपाचे प्रलोभन दाखवून ठेवले आहे. माळव्यात वाढलेल्या मराठी मुलाला नरकही टळतो आणि रूपही मिळते, आणि त्यासाठी त्याला एकदाच उठावे लागते.

या सकाळचे मुख्य साधन असलेली वाटी जवळून पाहण्यासारखी असते. ती बहुधा पितळेची असते, तिच्या कडेला मागच्या वर्षांचा काळपट थर असतो, आणि ती बंबाच्या झाकणावर, नाहीतर गॅसच्या मंद आचेवर धरलेल्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवून तेल कोमट केले जाते. तेल किती तापले हे पाहण्यासाठी घरातली वडील बाई त्यात करंगळी बुडवते, आणि तिच्या करंगळीला जे कोमट ते इतरांच्या पाठीला चटका देणारे असते, कारण चाळीस वर्षे तव्यावरची पोळी बोटांनी उलटलेल्या हाताचे तापमान कोणत्याही मापकात बसत नाही. पाटाभोवती रांगोळी असते, तिच्यावर पहिला थेंब पडतो आणि ती विस्कटते. मग डोके, कान, पाठ, तळपाय असा क्रम लागतो; वाग्भटानेही डोके, कान आणि पाय यांना विशेष तेल द्यावे असे सांगितले आहे, त्यामुळे कानामागे बोटे खुपसून रगडणाऱ्या आजीला शास्त्राधार नाही असे नातवाला म्हणता येत नाही. त्यावर उटणे चढते: चंदन, नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांची पूड, जिचे खरे काम सुगंधाइतकेच जादा तेल टिपून घेण्याचे आहे. वाग्भटाने अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आधी तेल आणि मग फराळ हा क्रम ज्याने घालून दिला त्याच्या दूरदृष्टीची साक्ष पटते. चकल्या आणि अनारशांनंतर अभ्यंग ठेवला असता तर दिवाळीत तेल लावून घ्यायला कोणीच पात्र उरले नसते.

त्वचारोगतज्ज्ञ आणि आजी यांचा खरा वाद तेल न्हाण्याआधी लावावे की नंतर, एवढ्याच एका प्रश्नावर आहे. तज्ज्ञांच्या मते अंग पुसल्यावर, ते किंचित ओलसर असतानाच स्निग्ध पदार्थ लावल्यास कातडीत शिरलेले पाणी कोंडून ठेवता येते. आजीच्या मते न्हाऊन आल्यावर तेल लावणे म्हणजे धुतलेल्या भांड्यात खरकटे टाकणे. दोघांनाही न दुखावता असे म्हणता येते की, आधी लावलेले तेल साबणाच्या मारापासून कातडीला वाचवते आणि नंतर लावलेले तेल हवेच्या मारापासून. पौषातल्या माळव्यात दोन्ही मार बसत असल्याने दोघांची औषधे चालवावीत, कारण तज्ज्ञ आणि आजी यांच्यापैकी एकालाच खूश ठेवणारा माणूस घरात सुखाने राहू शकत नाही.

तिळाला या प्रदेशात प्रतिस्पर्धी नाहीत असे नाही. धार जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांतून मोहाच्या बियांचे तेल निघते. या बियांना मध्य प्रदेशात गुल्ली आणि गुजरातेकडच्या पट्ट्यात डोळी म्हणतात. हे तेल थंडीत तुपासारखे थिजते, आणि फुटलेल्या टाचेत बसवायला थिजलेलेच बरे, कारण ते ओघळत नाही. याच जिल्ह्यातल्या बाग गावच्या प्रसिद्ध छपाईत कापडालाही अभ्यंग घडतो: छापण्यापूर्वी सुती कापड संचोरा नावाचा खार, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात कालवून मुरवतात, म्हणजे ते रंग नीट धरते. एरंडेल सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात केव्हाच पोहोचले आहे. तिसऱ्या घटकावर अजून कोणाची नजर गेलेली नाही, पण ‘नैसर्गिक’ या शब्दाची आजची चलती पाहता फार दिवस जाणार नाहीत. सोयाबीनचे काय, असा प्रश्न माळव्यात विचारावाच लागतो, कारण गेल्या पन्नास वर्षांत या काळ्या जमिनीवर सोयाबीनने जम बसवला आणि देवासच्या कारखान्यांतून त्याचे तेल वाहू लागले. त्या तेलात लिनोलेइक आम्ल निम्म्याहून थोडे अधिकच असते, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अंगाला लावायला उत्तम. तरीही सोयाबीनच्या तेलाने अभ्यंग करणारे मराठी घर शोधून सापडायचे नाही. रसायनशास्त्राला जे चालते ते नरक चतुर्दशीला चालतेच असे नाही.

आता हेच तिळाचे तेल ‘लाकडी घाण्याचे’ आणि ‘कोल्ड प्रेस्ड’ या दोन बिरुदांसह, काळसर काचेच्या लहान बाटलीत, वर थेंब सोडणारी रबरी नळी बसवून विकले जाते. ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणजे बी फार न तापवता दाबून काढलेले. गंगू तेल्याजवळ दुसरी सोयच नसल्यामुळे तो आयुष्यभर नकळत तेच करत होता. पूर्वी जे तेल पावशेराच्या मापाने घेत ते आता थेंबाने मोजले जाते, आणि थेंबाने मोजलेल्या वस्तूकडून माणूस चमत्काराची अपेक्षा करतो. म्हणून तेलाने काय होत नाही तेही सांगितले पाहिजे. त्याने रंग गोरा होत नाही. त्याने उन्हापासून पुरेसे रक्षण होत नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेले असो. धार जिल्ह्यातल्या मांडूला दुपारी जहाज महालाच्या गच्चीवर फिरणाऱ्याने टोपी घालावी. डोक्यात कोंडा असेल तर तेलाने तो वाढतो, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते, आणि ‘डोके कोरडे पडले म्हणून कोंडा झाला’ असे म्हणून त्यावर तेल ओतणारा माणूस शत्रूला घरी बोलावून जेवू घालत असतो. मुरुमांच्या चेहऱ्याला ते मानवत नाही. आणि तिळाची ॲलर्जी ही खरी गोष्ट आहे: अमेरिकेने तर २०२१ साली कायदा करून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरवला आणि १ जानेवारी २०२३ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचे नाव छापणे सक्तीचे केले. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगणाऱ्या समाजाला हे पचायला जड जाईल, पण ज्याच्या ओठांना तिळाने खाज सुटते त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरणेही योग्य नाही.

तेव्हा ज्यांना शंका असेल त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस वाट पाहावी, आणि लाली किंवा खाज न दिसल्यास येत्या रूप चौदसला, अथवा नरक चतुर्दशीला, ज्याला जे अधिक निकडीचे वाटत असेल त्या नावाने, पहाटे उठून वाटी कोमट करावी. न्हाणे आटोपले की न्हाणीघराच्या फरशीवर मूठभर बेसन भुरभुरवून ती आधी पुसून घ्यावी आणि मगच पुढच्याला हाक मारावी. कारण तेलामुळे होणाऱ्या अपघातांत कातडीला सहसा काही होत नाही, जाते ते माकडहाड, आणि त्यावर चोळायला पुन्हा तिळाचेच तेल आणावे लागते.